उघड्यावरची कला: रानातलं, नदीकाठचं आणि टाकलेलं सामान वापरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आणि आसपासच्या गावांत आम्ही काही जण दसरा झाला की मे महिना संपेपर्यंत रविवारी सकाळी रानात किंवा नदीकाठी जमतो आणि तिथं जे पडलेलं असेल त्यातून काही घडवतो. बघायला येणारे, शाळेतले शिक्षक, मुलांचे आईवडील, शेतमालक सगळे साधारण तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत.

तुम्ही नेमकं करता काय?

जागा निवडतो, तिथं तासभर नुसते हिंडतो, काय पडलंय ते बघतो आणि त्यातून त्याच जागी एखादी आकृती उभी करतो. उसाच्या बांधावर पाचटाची चटई विणून तिची कमान केली, ओढ्याच्या कोरड्या पात्रात गोट्यांचं वर्तुळ मांडलं, पडक्या घराच्या कौलांचे तुकडे रंगाप्रमाणे लावून मातीत लाट काढली, अशा गोष्टी. काम कधी दोन तास टिकतं, कधी दोन महिने.

हे परदेशी खूळ आहे ना?

अशा कामाला लँड आर्ट म्हणतात, ते नाव तिकडचं आहे. रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंतानं 1967 साली एका गवताळ मैदानात एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा चालून गवत दाबलं आणि ती पायवाट हीच कलाकृती मानली. अँडी गोल्ड्सवर्दी हा ब्रिटिश कलावंत पानं, बर्फ, काटे, दगड वापरून काम करतो आणि फोटो काढून ते तिथंच सोडून देतो.

पण आपल्या अंगणात दिवाळीला शेणाच्या गवळणी बसतात, त्यांच्या डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि गवताचे तुरे खोचले जातात, आणि दोन दिवसांनी ते सगळं उचलून शेणीला किंवा उकिरड्याला जातं. बेंदराला मातीचे बैल होतात. पोरं दगडमातीचा किल्ला करतात आणि त्यावर हळीव पेरतात. ज्वारीच्या रानातलं बुजगावणं तर जुना सदरा, फुटकं मडकं आणि दोन काठ्या यांचंच असतं. ते करणाऱ्या बाईला किंवा गड्याला कुणी कलावंत म्हटलं नाही, एवढाच काय तो फरक. मी स्वतः हे काम आजीच्या गवळणी बघून शिकले आणि लाँगचं नाव मला कितीतरी वर्षांनी कळलं.

काही नियम आहेत का?

एकच आहे आणि तो आम्ही कुणासाठी मोडत नाही. निसर्गाचं असेल ते तिथंच सोडायचं, माणसानं टाकलेलं असेल ते परत आणायचं.

काटकी, पान, माती, शेण, दगड हे त्याच जागेचं आहे, ते तिथंच कुजेल किंवा पडून राहील. पण बाटलीचं झाकण, ठिबकची नळी, कापडाची चिंधी हे काम संपल्यावर मोजून परत आणायचं. हे जमायचं असेल तर दोन्ही सामान एकमेकांत असं मिसळायचं नाही की वेगळं काढताच येणार नाही. चिखलात प्लॅस्टिकचे तुकडे कालवून केलेला बैल दिसतो सुंदर, पण पहिल्या वळवात तो विरघळतो आणि तुकडे सगळ्या रानभर होतात. खाली जी उत्तरं आहेत, त्यातली निम्मी या एका नियमातूनच आलेली आहेत.

आमच्या भागात काय सामान मिळेल?

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे सामानाच्या बाबतीत फार भाग्यवान आहेत, कारण महाबळेश्वरचा पाऊस आणि माण-आटपाडीचं कोरडं रान यांच्यात फार अंतर नाही.

वाळवा, पलूस, कराड या ऊसपट्ट्यात पाचट, वाडं, चिपाडं. पाचटाची पानं कडेनं कापतात आणि बारीक कूस अंगाला खाजते, म्हणून पूर्ण बाहीचा सदरा घाला. शेतकरी पाचट रानात कुजवत असेल तर ते त्याचं खत आहे, सरीतलं उचलू नका. बांधावर आणि रस्त्याकडेला पडलेलं घ्या. आणि वाळलेल्या पाचटाच्या कामाजवळ विडी-सिगारेट कुणालाही ओढू देऊ नका.

तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागात द्राक्षाच्या काड्या. एप्रिलच्या खरड छाटणीत लांबच लांब पक्व काड्या निघतात, त्या विणकामाला उत्तम. ऑक्टोबरच्या छाटणीत बहुधा शेंड्याकडचे तुकडे मिळतात, ते भरावाला चालतात. बागेत फवारण्या भरपूर असतात, त्यामुळे मालकाला शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते विचारा, काड्या धुऊन घ्या, हातमोजे घाला.

आटपाडी, जत, माण, खटावकडे डाळिंबाच्या छाटणीच्या फांद्या, बोरी-बाभळीचे काटे, कुसळी गवत, ज्वारीचं सरमाड, घायपात. घायपाताची पानं कुजवून, झोडपून जो वाख निघतो, त्याची दोरी अजून काही जुन्या माणसांना वळता येते, त्यांच्याकडून शिकून घ्या. मेंढरं कातरताना खाली पडलेली मातकट लोकर धनगर बांधव मागितल्यास देतात. काटेरी फांदीवर ओढून बसवलेली काळी लोकर संध्याकाळच्या उन्हात कशी दिसते, ते एकदा तरी बघावं.

जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या बाजूला कारवीच्या काठ्या आठवतील. कुडाच्या भिंती त्यांच्याच असायच्या. पण तिकडचं बरंच रान राखीव आहे, त्यामुळे जुन्या कुडाच्या मोडलेल्या भिंतीतल्या काठ्या मिळाल्या तरच वापरा.

गावोगाव मिळणारं वेगळंच: फुटकी मंगलोरी कौलं, खापरं, सायकलच्या फाटक्या ट्यूब, बाजार समितीच्या आवारातली फाटकी बारदानं, करवंट्या, भुईमुगाची टरफलं.

द्राक्षाच्या काड्या वाकवताना मोडतात. काय चुकतं?

उशीर होतो. छाटल्यापासून दोन-तीन दिवसांत वापरा. वाळल्या असतील तर रात्रभर हौदात किंवा पाटात बुडवून ठेवा. वाकवताना एकदम पीळ न देता काडी गुडघ्यावरून सरकवत थोडी थोडी वळवा. पेऱ्याजवळ ती हमखास तुटते, म्हणून वळण दोन पेऱ्यांच्या मधोमध येईल असं धरा.

फेविकॉल, खिळे, तार नको म्हणता. मग जोडायचं कशानं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि मला सगळ्यात आवडणाराही. डिंकाशिवाय जोडायची रीत आपल्याकडं पत्रावळीत आहे. पळसाची पानं एकमेकांवर ठेवून बारीक काडीचे टाके घालायचे, बस. त्याच पद्धतीनं वडाची, सागाची, हळदीची पानं जोडता येतात. पानं ताजी असताना टोचा, वाळली की चुरा होतो. काडी नसेल तिथं बाभळीचा काटा टाचणीसारखा वापरा.

काठ्यांसाठी बांधणी शिका. दोन काठ्या फुलीसारख्या ठेवून आधी तिरके तीन वेढे, मग उलट्या बाजूनं तीन, मग दोन काठ्यांच्या मधून आवळणारे वेढे. मांडव घालणारे लोक ज्या सफाईनं हे करतात, ते शेजारी उभं राहून नीट बघितलं तरी निम्मं येतं. दोरी सुतळीची, काथ्याची किंवा वाखाची घ्या. सुतळी म्हणून नायलॉनही विकलं जातं, म्हणून एक टोक जाळून बघा. तागाचं असेल तर राख होते, नायलॉन असेल तर वितळून कडक मणी होतो. जड कामाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या फार उपयोगी, कारण ताणून बांधल्या की स्वतःच आवळून बसतात. त्या मात्र माणसाच्या सामानात धरायच्या आणि परत आणायच्या.

दगड दगडावर नुसता तोलून ठेवू नका, तीन टेकू शोधा. माण-खटावच्या शिवारात मातीचुन्याशिवाय रचलेल्या ताली आहेत, दगडाचा मोठा भाग आत, बारीक चिप मागून ठोकलेली. आमचे सगळे दगडी कामाचे धडे तिथले.

तारेबद्दल इतकं कडक का बोलते, ते सांगते. एका उन्हाळ्यात आम्ही लिंबाच्या फांदीला बाइंडिंगच्या तारेनं काड्यांचं मोठं घरटं टांगलं होतं. पावसात काड्या गळून गेल्या आणि आम्हीही ते विसरलो. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा तार सालीत रुतून फांदीच्या आत गेली होती, आणि त्याच्या पुढची फांदी वाळली होती. पक्कड लावून जेवढी निघाली तेवढी काढली, बाकीची अजून त्या झाडात आहे. ती चूक पूर्णपणे आमची. तेव्हापासून जिवंत झाडाला आम्ही काही बांधत नाही, फार तर फांदीवर टेकवून ठेवतो.

मातीचं काम वाळताना तडकतं.

काळी माती एकटी वापरत असाल तर तडकणारच. ती पाण्यानं फुगते आणि वाळताना आक्रसते, उन्हाळ्यात रानाला पडलेल्या भेगा आठवा. तिच्यात नदीची बारीक वाळू, गव्हाचा भुस्सा किंवा बारीक कापलेलं पाचट आणि ताजं शेण घाला. तुडवून एक रात्र मुरू द्या. थर बोटभर जाडीचा ठेवा, एक वाळला की दुसरा. ऊन कडक असेल तर ओलं बारदान झाका. जुन्या पडक्या घरांची पांढरी माती मिळाली तर तिच्यासारखं दुसरं काही नाही, पण गढीची किंवा पांढरीच्या टेकाडाची माती खणायला जाऊ नका. तिथं जुन्या वस्तीचे अवशेष असतात.

रंग लावता का?

ऑइलपेंट आणि स्प्रे कधीच नाही. गेरू, चुना, कोळसा, विटेची भुकटी. सांगलीत राहून हळद न वापरणं अवघड आहे, आणि तिच्यात चुन्याची निवळी पडली की पिवळ्याचा लाल होताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पण हळद उन्हात फार लवकर उडते. सकाळी लावलेली संध्याकाळी फिकी पडलेली दिसते. एका दिवसाच्या कामालाच ती वापरा. आणि घरची खायची हळद त्यासाठी आणू नका, किडकी, भुकटी झालेली पुष्कळ मिळते.

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा रंगाची गरज नसते. एकाच वडाखाली हिरव्यापासून तपकिरीपर्यंत पानांच्या आठ-दहा छटा पडलेल्या असतात. त्या क्रमानं मांडून बघा.

कृष्णेच्या काठावर काम करणं सुरक्षित आहे का?

जागा आणि महिना बघून. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात नदीत मगरी आहेत, माणसांवर हल्लेही झालेले आहेत. थंडीत त्या काठावर उन्हाला येतात आणि साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालतात. म्हणून तिथं आम्ही पाण्यापासून लांब, उघड्यावर, दोघांहून जास्त जण मिळून काम करतो, काठ खणत नाही, आणि पाण्याजवळ वाकून गोटे वेचत नाही. हात धुवायलाही घरून पाणी नेतो. मुलांना मळीच्या, म्हणजे काठच्या गाळाच्या रानाच्या, वरच ठेवतो.

पाण्यातले दगड उलटवू नका. त्यांच्या खाली किडे, शंख, माशांची अंडी असतात. वाळू तर घमेलंभरही उपसू नका.

जून ते सप्टेंबर काठावर काहीही उभं करायचं नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फुटांवर इशारा आणि 45 फुटांवर धोका पातळी धरतात, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तेव्हा काठावर विसरलेला एकेक बांबू कुठं जाऊन कशाला धडकला असेल, याचा विचार करा. मेच्या शेवटच्या रविवारी आम्ही काही करत नाही, फक्त आवरतो.

पूर ओसरल्यावर झाडांना अडकलेल्या चिंध्या, प्लॅस्टिक वापरता येईल?

येईल, आणि वापरावं. पण पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी आणि मेलेली जनावरं असतात, उंदरांच्या मुताचं पाणी जखमेला लागलं तर लेप्टोस्पायरोसिस होतो. गमबूट, जाड हातमोजे, हातापायाला जखम असेल तर घरी थांबायचं. सामान साबणानं धुऊन चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवा.

आमचं मला सर्वांत जवळचं काम यातूनच झालं. एका बाभळीला माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर चिंध्या लटकत होत्या. त्या काढल्या, धुतल्या आणि तेवढ्याच उंचीवर ओळीनं रोवलेल्या बांबूंना बांधल्या. ज्यांच्या घरात पाणी आलं होतं ती माणसं त्या ओळीखालून चालत गेली आणि वर बघत उभी राहिली. एक म्हातारी म्हणाली, "माझी कपाटाची वरची फळी इथंच होती बघ." आठ दिवसांनी आम्ही चिंध्या मोजून परत आणल्या.

कासला, सज्जनगडावर, अजिंक्यताऱ्यावर करावं का?

नाही. कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथं जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की एक दगड हलवला तरी त्याच्या आडोशानं जगणारी झाडं जातात, आणि दगडाखाली विंचू, पाली, बेडूक असतात. कोयना, चांदोली, सागरेश्वर या राखीव रानांतही पान उचलायचं नाही, बघून यायचं. गडावरचा सुटा पडलेला दगड हा वाड्याचा किंवा तटाचा असू शकतो, तो हलला की त्याची जागा सांगणारी खूण जाते. गावातले वीरगळ, सतीशिळा उन्हात पडलेल्या असल्या तरी त्या सामान नाहीत.

मोराचं पीस? रानात गळालेलं दिसलं तर जिथं आहे तिथंच राहू द्या.

टाकाऊपैकी काय अजिबात घ्यायचं नाही?

औषधांच्या आणि कीटकनाशकांच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी. सुया, इंजेक्शनच्या कुप्या. ट्यूबलाइट, बॅटऱ्या, जुने टीव्ही. सिमेंटचे जुने पत्रे, कारण त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि फोडताना उडणारे तंतू फुप्फुसात जातात. थर्माकोल, तो कण कण होऊन पसरतो. नायलॉनचा मांजा. द्राक्षबागेवरची जुनी जाळी दिसायला मोहक असते, पण तिच्यात पक्षी आणि साप अडकून मरतात. घ्यायचीच असेल तर घट्ट गुंडाळून, एकही मोकळं भोक न ठेवता. टायर घेतलात तर तळाला भोकं पाडा, नाहीतर पावसाच्या पाण्यात डेंग्यूचे डास होतील.

टाकाऊ सामानातून कायमचं काही करता येत नाही का?

येतं. चंदीगडमध्ये नेकचंद नावाचे रस्ते खात्यातले निरीक्षक 1957 पासून गुपचूप फुटक्या बांगड्या, चिनीमातीचे तुकडे, भट्टीतला गाळ जमवून जंगलाच्या जागेत मूर्ती करत राहिले. सरकारला पत्ता लागला तेव्हा ते पाडायचं की ठेवायचं यावर वाद झाला, आणि 1976 साली ते लोकांसाठी उघडलं गेलं. घानाचे एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची झाकणं तांब्याच्या तारेनं जोडून भिंतीएवढी वस्त्रं करतात. पण अशा कामाला जागा हवी, डागडुजी हवी आणि पुढची तीस वर्षं त्याची काळजी घेणारं माणूस हवं. शाळेच्या आवारात, स्वतःच्या अंगणात ते जरूर करा. रानात आणि नदीकाठी नको.

परवानगी कुणाची लागते?

खाजगी रानात मालकाची, तोंडी चालते, पण स्वतः जाऊन, चहा पिऊन मागा. गायरान, गावठाणात ग्रामपंचायतीची, शहरात महापालिकेची किंवा नगरपालिकेची, वनखात्याच्या जागेत त्यांची लेखी. घाटावर काम असेल तर तिथल्या पुजाऱ्यांना आणि कपडे धुणाऱ्या बायकांनाही विचारतो. घाट रोज त्याच वापरतात.

आम्ही रचलेल्या दगडांना लोक हळदीकुंकू वाहायला लागले. काय करावं?

आमच्याही बाबतीत झालंय. आधी आनंद होतो, मग काळजी वाटते, कारण एकदा नारळ फुटला की ती जागा कुणाच्या तरी मालकीची होते. आम्ही वाहणाऱ्यांनाच बोलावलं, हे कसं आणि का रचलं ते सांगितलं, आणि त्यांच्याबरोबर बसून नमस्कार करून एकेक दगड उतरवला. रात्री जाऊन मोडू नका. श्रद्धा दुखावते आणि पुढचं काम गावात होत नाही.

कुणी मोडून टाकलं तर?

वाईट वाटतं. दुसऱ्या रविवारी दुसरं करतो.

मुलांना घेऊन यायचं तर?

सहा-सात वर्षांपासून पुढची यावीत. विळा आणि कोयता मोठ्यांच्या हातात. मुलांना "मोर कर", "गणपती कर" असं सांगू नका. सामान वेचू द्या, मांडू द्या, तासाभरानं त्यांचं त्यांना दिसतं. एका मुलानं नुसती चिंचेची टरफलं लांबीप्रमाणे लावली होती, दोनशेच्या वर. त्याच्या वडिलांना ते वेळ वाया घालवणं वाटलं. मला ते त्या दिवसाचं सर्वांत चांगलं काम वाटलं आणि मी तसं त्यांना सांगितलं.

फोटो कसा काढावा?

सकाळी आठच्या आत किंवा ऊन कलल्यावर. दुपारी सावली नसते, आकार सपाट दिसतो. एक लांबून, जागा कळेल असा, आणि एक जवळून. मग आठवड्यानं, महिन्यानं त्याच जागी उभं राहून पुन्हा काढा. पडत जाणाऱ्या कामाचे फोटो बऱ्याचदा पहिल्या दिवसापेक्षा चांगले येतात.

खर्च किती?

हातमोजे, विळा, पक्कड, सुतळीचा गुंडा, दोन रिकामी पोती. घरात बहुधा असतंच.

मला एकट्यानं सुरुवात करायची आहे. पहिल्या दिवशी काय करू?

घराजवळचं एक झाड निवडा, ज्याखाली झाडलोट होत नाही असं. पोतं बरोबर घ्या आणि आधी तिथला माणसांचा कचरा पोत्यात भरा. मग खाली बसा. एकाच प्रकारची एकच गोष्ट वेचा, करंजाच्या शेंगा म्हणा किंवा गुलमोहराच्या. चाळीस-पन्नास झाल्या की खोडाभोवती एक रेषा मांडा, रेषा सरळ जाऊ द्या किंवा मुळाच्या वळणानं. उठून दहा पावलं मागं जा, बघा, जिथं डोळा अडतो तिथली शेंग बदला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा जा. मुंग्यांनी, शेळ्यांनी, वाऱ्यानं काय हलवलंय ते बघा, आणि तिथून पुढं मांडायला घ्या.